परदेशातनं काय आणायचं?

(परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या आणि निघू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशात शिकायला निघालेल्या पोरापोरींपुढं मॅट्रिक झालेल्या गोदी कामगाराला बोलायला उभं करणं हा संयोजकांचा आगाऊपणा आहे. मी कॉलेजात गेलो नाही. विमानात बसलो नाही. कविता लिहितो आणि माल उचलतो. पण गोदीत एक गोष्ट पक्की कळते. बाहेरनं पेटी आली की दोन सवाल विचारतात. आत काय आहे? आणि कोणाच्या नावावर आली? या दोन सवालांची उत्तरं कागदावर नसली तर पेटी कितीही भारी असू दे, धक्क्यावर पडून राहते. तुम्ही दोन-चार वर्षांनी याल तेव्हा वस्ती तुम्हाला हेच दोन सवाल विचारणार आहे. काय आणलंस? आणि कोणाच्या नावावर? ते सवाल मी आज, तुम्ही निघायच्या आधीच, तुमच्यापुढं ठेवतो.

हल्ली परदेशी शिक्षण हा धंदा झालाय. कुठल्याही स्टेशनाबाहेर बघा, बोर्ड लटकलेले असतात. परदेशातल्या वर्षांचं सोनं करा म्हणतात. ते कसं करायचं तेही सांगतात. ओळखी वाढवा, फिरून घ्या, बोलण्यातला गावठी वास घालवा, नोकरी धरा, जमलं तर तिकडंच राहा. मी यातल्या कशालाच शिवी देत नाही. पोट सगळ्यांना आहे आणि आपल्या पोटात पिढ्यान्‌पिढ्यांची भूक आहे. पण हा सल्ला ज्याच्या घरात चार पिढ्या शाळा आहे त्याच्या मापानं शिवलेला आहे. तो पोरगा तिकडं गेला काय आणि न गेला काय, त्याच्या आळीचं काही अडत नाही. आपलं अडतं. आपला एक पोरगा जातो तेव्हा मागं आईचं मंगळसूत्र गहाण पडलेलं असतं, धाकट्या बहिणीचं शिक्षण थांबलेलं असतं, सोसायटीचं कर्ज बापाच्या पगारातनं कापलं जात असतं. म्हणून आपल्याला सोन्याची व्याख्या आपणच करावी लागेल.

ती करून ठेवलेला माणूस आपल्या घराघरात भिंतीवर आहे. कोट, टाय, चष्मा, हातात पुस्तक. आपण त्या कोटाला हार घातले. पण तो कोट घालून हा माणूस तिकडं दिवसभर काय करत होता, हे किती जणांनी विचारलं? मी आज तेवढंच सांगणार आहे. पूजेसाठी नाही. उचलण्यासाठी.

2 फेब्रुवारी 1913 ला रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदा संस्थानाशी करार झाला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. वय 22. मागं परळच्या चाळीत रमाई आणि तान्हा यशवंत.

आता ऐका. अर्थशास्त्राची पदवी घ्यायला गेलेल्या या विद्यार्थ्यानं तिथं काय काय शिकून घेतलं? अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम. इतिहासाचे 11. समाजशास्त्राचे 6. तत्त्वज्ञानाचे 5. मानववंशशास्त्राचे 4. राज्यशास्त्राचे 3. वर फ्रेंच आणि जर्मन. पदवीला एवढं लागत नव्हतं. ज्याच्या बापजाद्यांना अक्षराची बंदी होती त्याला पहिल्यांदा असं घर भेटलं होतं जिथं कुठल्याही वर्गाचं दार ढकललं की उघडत होतं. त्यांनी सगळी दारं ढकलून बघितली. इथं मुंबईत तुम्हाला विषय सोडून बाजूच्या वर्गात बसायचं म्हटलं तर शिपाई हटकतो. तिकडं बसू देतात. म्हणून पहिली गोष्ट: पदवीपुरतं शिकू नका. इंजिनियरिंगला गेलात तर इतिहासाच्या व्याख्यानाला जाऊन बसा. कायद्याला गेलात तर आकडेशास्त्र शिका. वाढणाऱ्याचा हात सैल असेल तर आपण ताट मागं ओढू नये.

आणि वाचनालय. न्यूयॉर्कमध्ये ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतनं पुस्तकं गोळा करायचे. पुढं लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी दार उघडताना आत आणि बंद होताना बाहेर. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर, जिथं ते 1921-22 मध्ये राहिले, ते 2015 साली महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. चांगलं झालं. लंडनला गेलात तर बघून या. पण फोटो काढून झाला की तिथनं सरळ वाचनालयात जा. कारण तो माणूस घरात कमी आणि वाचनालयात जास्त सापडायचा.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच मुख्य. 9 मे 1916. कोलंबियात डॉ. गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा चर्चावर्ग. पंचवीस वर्षांचा विद्यार्थी उभा राहून निबंध वाचतो. विषय: भारतातल्या जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. म्हणजे गावकुसाबाहेर जन्मलेला पोरगा अमेरिकेत उभा राहून ज्या यंत्रानं त्याला चिरडलं त्या यंत्राचे स्क्रू खोलून टेबलावर मांडतो आहे. रडत नाही. दया मागत नाही. खोलून दाखवतो.

काय दाखवलं? जात म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. बाकीचं सगळं त्याच्यावरचं कातडं. आता जातीत बायका आणि पुरुष साधारण सारखे. नवरा मेला तर बाई उरते. बायको मेली तर पुरुष उरतो. उरलेली बाई जातीबाहेर लग्न करील, नाहीतर जातीतल्याच दुसऱ्या पोरीच्या वाट्याचा नवरा घेईल. दोन्हीकडनं जातीची भिंत फुटते. मग तिचं काय करायचं? जाळा, म्हणजे सती. नाहीतर जिवंत ठेवून मारा, म्हणजे सक्तीचं वैधव्य. आणि उरलेला पुरुष? तो पुरुष, त्याला जाळता येत नाही. त्याला अजून लग्नाला न आलेल्या वयातली कोवळी पोरगी आणून द्या, म्हणजे बालविवाह. धर्माच्या नावानं ज्या रूढींची आरती चालली होती, त्या जातीची भिंत टिकवायच्या टेकू आहेत, हे त्यांनी हिशेबासारखं मांडलं. बहिणींनो, लक्षात घ्या, जातीचं कुलूप बाईच्या अंगावर लावलेलं आहे हे सांगणारा तो निबंध आहे. 1917 साली तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला.

हे परदेशातच का जमलं? तिथले गोरे फार दयाळू होते म्हणून नव्हे. कोलंबियाच्या अंगाला लागून हार्लेम आहे. काळ्या माणसाला तिथं काय वागणूक मिळते ते रस्त्यावर दिसत होतं. पण त्या वर्गात बाबासाहेबांच्या शेजारी बसल्यानं कोणी बाटत नव्हतं. जो काच रोज मानेवर असतो त्याचं वजन मान मोडेस्तोवर मोजता येत नाही. दूर गेल्यावर मोजता येतं. परदेशाचा खरा उपयोग हा. अंतर. त्या अंतरावरनं आपली वस्ती, आपलं गाव, आपला देश पुरा दिसतो. म्हणून सांगतो, जाताना पेटीत मसाला-पापड घाला, चादर घाला, पण स्वतःचा एक प्रश्नही घाला. आपल्या वस्तीत टीबी हटत का नाही? गटारात उतरून माणसं मरतात, कायदा असून मरतात, ते का? गायरान जमिनीचे सातबारे आपल्या नावावर का होत नाहीत? शिकलेली पोरगी लग्नापाशी जातीत परत का ढकलली जाते? एक प्रश्न घ्या. तिकडं जो विषय शिकाल तो त्या प्रश्नाला लावून बघा.

आता या मुद्द्यावर आपल्या गळ्यावर पाय कसा ठेवलाय ते ऐका. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासून चालू आहे. तिच्या 2022 च्या नियमावलीत एक ओळ घातली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास, या विषयांना पैसे मिळणार नाहीत. सरकारचं म्हणणं, भारताचा अभ्यास करायला परदेशात कशाला जायचं? वा रे वा! यंत्राचा अभ्यास कर, रसायनाचा कर, पण तुझ्या मानेवरच्या जुवाचा करू नकोस. हा नियम 1916 साली बडोद्याच्या करारात असता तर तो निबंध झाला नसता. एम. ए.चा ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावरचा प्रबंध झाला नसता. डॉक्टरेटचा प्रबंध झाला नसता. रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ झाला नसता. कारण त्यांचा एकूण एक अभ्यास भारतावरचा होता! ज्यांचे पुतळे उभे करता त्यांच्याच अभ्यासाला दार बंद करता. ह्याला ब्राह्मणी कावा म्हणतात. पुतळा चालतो, प्रश्न चालत नाही.

मग काय करायचं? नियमाविरुद्ध भांडायचंच. पण भांडण संपेपर्यंत वाट बघत बसायचं नाही. कागदावर बाबासाहेब अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, आणि जातीवरचा निबंध वाचला मानववंशशास्त्राच्या वर्गात. सरकार तुमच्या फॉर्मवरचा विषय बघू शकतं. डोक्यातला प्रश्न कस्टमवाल्यालाही सापडत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. लाज न बाळगता बोलू. त्या शिष्यवृत्तीच्या देशभरात 125 जागा, त्यातल्या 115 अनुसूचित जातींना. 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जातींची माणसं 20 कोटींच्या वर. करा भागाकार. त्यातही 2025 साली 106 जणांची निवड झाली आणि पहिल्यांदा पत्रं दिली फक्त 40 जणांना. उरलेल्या 66 जणांना सांगितलं, पैसे उपलब्ध झाले तर. तिकडं विद्यापीठाची तारीख थांबत नाही आणि इकडं फायलीला पाय फुटत नाहीत.

हे नवीन नाही. अमेरिकेतला काळा विद्वान ड्यू बॉईस 1892 साली बर्लिनला शिकायला गेला. पैसे एका फंडाचे होते. डॉक्टरेट हाताशी आली असताना फंडानं हात आखडला, तो 1894 मध्ये परत आला. 1895 मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट घेतली, तिथली ती काळ्या माणसाची पहिली. बाबासाहेबांचंही तेच. लंडनचा अभ्यास अर्धा असताना शिष्यवृत्ती संपली आणि 1917 मध्ये परत यावं लागलं. पुढं सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्रानं उसने दिले, तेव्हा 1920 मध्ये लंडन पुन्हा गाठता आलं. कोलंबियातला प्रबंध 1916 मध्ये दिलेला, तो पुस्तक होऊन निघाला 1925 मध्ये, आणि पीएच. डी.ची पदवी हातात पडली 1927 मध्ये. अकरा वर्षं! म्हणून म्हणतो, पैसा अडला म्हणजे आपली लायकी संपली असं समजून खोलीत कडी लावून बसू नका. असं कोंडून घेऊन आपली पोरं गेलीत. 2015 साली हैदराबादच्या रोहित वेमुलाची शिष्यवृत्ती कशी अडवली ते विसरू नका. पैसे अडले की ओरडा. विद्यापीठाला लिहा, इथल्या साथींना कळवा, पेपरात छापून आणा. शिष्यवृत्ती ही भीक नव्हे. आमच्या बापजाद्यांनी फुकट ओढलेल्या ओझ्याचा तो थकलेला पगार आहे, आणि तोही पुरता नाही.

चौथी गोष्ट माणसांची. तिकडं आपला देशी कंपू करून दिवाळीचे लाडू खात बसू नका. ड्यूईसारखा शिक्षक बाबासाहेबांना तिकडं मिळाला. 1936 सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी त्याचं ऋण उघड मान्य केलंय. असे शिक्षक शोधा. त्यांच्या दारावर टकटक करा, तिकडं ते रागवत नाहीत. आणि तिथं जो खाली आहे त्याला शोधा. काळा विद्यार्थी, मूळचा आदिवासी, कँटीनमध्ये लादी पुसणारी बाई. जोतिरावांनी बोटीत पाय न ठेवता 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. 1946 साली बाबासाहेबांनी ड्यू बॉईसला पत्र लिहिलं. काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांपुढं नेलेल्या अर्जाची प्रत पाहिजे म्हणून. अमेरिकेत 1966 साली ब्लॅक पँथर निघाली आणि 1972 साली मुंबईत दलित पँथर. समुद्रापलीकडचा खालचा माणूस आपला नातेवाईक आहे. ते नातं तुम्ही जोडायचं.

पाचवी गोष्ट, भ्रम नको. विमानात जात वजनकाट्यावर ठेवून काढून घेत नाहीत. ती तिकडं तुमच्या आधी पोचलेली आहे. आपलेच देशबांधव गोड हसून आडनाव विचारतील, गाव विचारतील, खाता काय विचारतील. पण आता तिकडंही लढाई लागलीय. 2019 मध्ये ब्रँडाईस विद्यापीठानं जातीवरनं भेदभाव करायला बंदी घातली. जानेवारी 2022 मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठानं, त्याच्या 23 आवारांत. फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटल शहरानं कायदा केला. कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळानं विधेयक पास केलं, ते ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यपालांनी अडवलं. यातलं काहीही आपोआप झालं नाही. तिकडं शिकायला आणि कामाला गेलेल्या आपल्याच पोरापोरींनी उभं राहून, आडनाव सांगून साक्षी दिल्या. आपल्या विद्यापीठाचा नियम काय आहे तो पहिल्या आठवड्यात वाचून ठेवा. घर शोधताना उपयोगी पडेल.

आणि इकडं परत आल्यावर? 1917 साली बाबासाहेब परत निघाले तेव्हा जमवलेली पुस्तकं दुसऱ्या बोटीनं पाठवली होती. महायुद्ध चालू होतं, पाणबुडीनं ती बोट बुडवली. पुस्तकं समुद्रात. माणूस बडोद्यात. एम. ए., लंडनचा अर्धा अभ्यास, संस्थानची मोठी नोकरी, आणि डोक्यावर छप्पर मिळेना. पारशाच्या धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं आणि तिथनंही काठ्या घेतलेल्या लोकांनी हाकलून काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या छोट्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. तुम्ही व्हिसाची वाट बघताय ना? मग ते वाचून जा. स्वतःच्याच देशात शिरायला व्हिसा मिळत नाही अशी माणसं आपण.

तर पदवी ही ढाल नाही. काठीच्या आड ती येत नाही. पण पुस्तकं बुडाली तरी डोक्यात आणलेलं बुडालं नाही. 1919 मध्ये साउथबरो समितीपुढं मताच्या हक्कासाठी साक्ष दिली, ती त्या अभ्यासावर. 1920 मध्ये 'मूकनायक' काढला. रुपयावरचा ग्रंथ परीक्षकांना पहिल्या खेपेला पचला नाही, पुन्हा लिहायला लावला. पुन्हा लिहिला, 1923 मध्ये डी. एस्सी. मिळवली, आणि पुढं चलन आयोगापुढं त्याच विषयावर साक्ष दिली. आणि कोलंबियाचा कागद हातात पडला ते 1927 साल कुठलं? महाडचं! मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि जूनमध्ये पीएच. डी. मिळाली. आता सांगा, त्यांची मोठी पदवी कुठली?

ड्यू बॉईसही तसाच. बर्लिनला शिकलेला समाजाचा अभ्यास घेऊन तो फिलाडेल्फियाच्या काळ्या वस्तीत शिरला, घरोघर फिरून माणसं मोजली, सवाल विचारले, आणि 1899 मध्ये त्या वस्तीवर ग्रंथ लिहिला. याला म्हणतात पेटी योग्य पत्त्यावर पोचणं.

मी असं म्हणणार नाही की सगळ्यांनी परत यायलाच पाहिजे. भुकेला माणसाला उपदेश करणं हा भटाचा धंदा, आपला नाही. तिकडं राहून लढणारेही लागतात, हे सिएटलनं दाखवलं. वडाळ्यात वाढलेला, पोर्ट ट्रस्टमधल्या कामगाराचा मुलगा नरेंद्र जाधव अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात अर्थशास्त्राची डॉक्टरेट करून आला आणि त्यानं आपल्या बापाची गोष्ट मराठीत लिहिली. बाप पुस्तकात आला, ही सुद्धा आणलेली पेटीच. कुठं राहता हा सवाल नाही. कोणाच्या नावावर राहता हा सवाल आहे. 1956 साली आग्र्याला बाबासाहेबांनी जाहीर सांगितलं की शिकलेल्यांनी मला दगा दिला. ते बोल परदेशी न गेलेल्यांसाठी नव्हते. ज्यांना मिळालं आणि ज्यांनी दार आतनं लावून घेतलं त्यांच्यासाठी होते.

म्हणून जाणाऱ्यांवर आम्ही तीन कामं टाकतो. एक, जायच्या आधी स्वतःचे सगळे फॉर्म, अर्ज, पत्रं यांच्या प्रती वस्तीतल्या वाचनालयात ठेवून जा, म्हणजे पुढच्या पोराला एजंटाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. दोन, तिकडनं दर वर्षी निदान एका नव्या पोरीचा नाहीतर पोराचा अर्ज इथनं भरून घ्या, चुका दुरुस्त करा. तीन, तिकडं लिहिलेला पहिला निबंध मराठीत करून या अंकाकडं पाठवा. सोप्या मराठीत, तुमच्या आईला वाचून दाखवता येईल असा. आम्ही पाळी सुटल्यावर बसून वाचू. नाही कळला तर उलट सवाल करू, आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागेल.

जयभीम!